नाकात नळी आहे म्हणून

२०२० साली सगळं गाव दारं लावून बसलं, तेव्हा कालिंदीताईंचं अंगण फोनमध्ये आलं. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर करोनाच्या बातम्या, काढे नि राजकारण यांची दिवसभर रेलचेल असे. सरकारवर तुटून पडणाऱ्या त्र्यंबकरावांशी त्यांचं रोज वाजायचं.

पुढे करोना होऊन त्र्यंबकरावांनाच दवाखान्यात नेलं. ग्रुपवर नुसते जोडलेले हात उमटत राहिले. त्यांचं उत्तर येईना. हा माणूस प्रार्थनेनं उठायचा नाही, हे कालिंदीताईंना ठाऊक होतं. पेंगुळल्या दुपारी त्यांनी लिहिलं, “सरकारचं सगळं बरोबर! विरोध करणारे अडाणी.”

संध्याकाळी त्र्यंबकरावांचं उत्तर आलं, “नाकात नळी आहे म्हणून वाचलात, बाई!” कालिंदीताई हसता हसता रडल्या.

त्र्यंबकराव घरी आले, काही वर्षं भांडले नि गेले. ताई अजून दुपारी झोपेत त्यांच्याशी वाद घालतात. सून विचारते, “जिंकलात का, आई?”

“जिंकू देतील तर ना!”