वृश्चिक राशीचे बांगडे

ज्योतिष्यांचा मजकूर संध्याकाळपर्यंत आला नाही, तेव्हा संपादक म्हणाले, “अक्षता, रविवारचं राशिभविष्य तूच लिही.” माझे बाबा वृश्चिक राशीचे. पेपरातलं भविष्य वाचल्याशिवाय चहा घेत नाहीत आणि सहा वर्षं नाहूरच्या काकाशी बोलत नाहीत. मी लिहिलं, “वृश्चिक: चंद्र अनुराधा या मैत्रीच्या नक्षत्रात. धाकट्या भावाकडे बांगडे न्यावेत.” रविवारी भांडुपच्या बाजारात वृश्चिकवाल्यांची अशी झुंबड उडाली, की बाबांना कसेबसे चार बांगडे मिळाले. ओली पिशवी घेऊन ते काकाच्या दारात उभे राहिले, मागे मी. “पेपरात इलाहा, मी काय करू?” बाबा चौकटीकडे बघत मालवणीत म्हणाले. काकाने पिशवीच ओढून घेतली. “दादा, भुतूर ये!” जेवताना बाबांनी मोठा तुकडा मला वाढला. “तुमचे ज्योतिषी कांदासुद्धा खात नाहीत ना गं? पुढच्या रविवारी तूच लिही. पापलेट टाक.”