दवाखान्याची ओटी

अंजूनं पदर पसरला आणि नीलाबाईंनी सुपातले तांदूळ ओंजळीत घेतले. दारात चंद्रप्पाची भाड्याची गाडी उभी होती. लातूरच्या दवाखान्यात आज अंजूची दुर्बिणीतून तपासणी होती. भूल द्यायची, पोटाला भोकं पाडायची आणि मूल का होत नाही ते आत बघायचं. रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सोमेश चौकटीला टेकून उभा होता आणि त्याला बायकोच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सुनेला दवाखान्यात पाठवताना निलंग्यात कुणी ओटी भरत नाही. ओटी भरायची ती माहेरी निघताना, सणावाराला. पण नीलाबाईंनी ही रीत आपली आपणच पाडली होती. लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, अंजूच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि दर खेपेला सासू तिची ओटी भरू लागली. भरताना त्यांचे डोळे डबडबून यायचे. "वांझ सुनेचे लई लाड करायलीस," असं शेजारची पार्वतीबाई एकदा बोलून गेली, तर नीलाबाईंनी तिला अशी झापली की बाई महिनाभर उंबऱ्याला आली नाही. अख्ख्या गल्लीत अशी सासू शोधून सापडली नसती. सोमेशला तेच जास्त खात होतं.

कारण खोट कुठे आहे, हे त्याला ठाऊक होतं.

त्याचं अंग कायमच गळाल्यासारखं असायचं. भांड्यांच्या दुकानात घागरींची चवड हलवली तरी त्याला दम लागायचा. दाढी इतकी विरळ की मित्र म्हणायचे, सोम्याच्या जिवावर न्हावी उपाशी मरंल. त्यांच्याबरोबर तोही हसायचा. लग्न झाल्यावर मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. अंजू झोपेपर्यंत तो दुकानातच रेंगाळायचा, आणि ती जागी सापडली तर "लई थकलो" म्हणून कूस बदलायचा. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

शेवटी अंजूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नवऱ्याचीही तपासणी करून घ्या. सोमेश मालाचं निमित्त करून एकटाच नांदेडला गेला. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन लागतं, ते तुमच्यात फारच कमी आहे. लहानपणी गालगुंड झाले होते का, असंही विचारलं. झाले होते. सातवीत असताना. गाल सुजले होते, मग खालीही सूज उतरली होती, आणि त्याची आई, अव्वा, उशाशी बसून होती. "यात लाजायचं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "उपचार आहेत, अंगात जोर येईल. मुलाचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. बायकोला घेऊन या."

घरी येऊन तो म्हणाला, "माझं समदं बरोबर हाय."

तेवढंच बोलला. उद्या खरं सांगू, परवा सांगू, असं करता करता पावसाळा सरला. त्या एका थापेपायी अंजूनं सुया टोचून घेतल्या, गोळ्यांनी ओकली, सोमवार धरले. तिच्या दंडावरचे निळे डाग बघून त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, पण तोंडही उघडत नसे. आपल्यासारखा नामर्द आपणच, असं त्याला वाटायचं, ते आजारामुळे नाही, त्या थापेमुळे.

नीलाबाईंनी पदरात तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ ठेवला. मग हळदी-कुंकवाचा करंडा उचलला. बाहेर चंद्रप्पानं हॉर्न वाजवला. अंजू हळूच म्हणाली, "आत्या, मला लई भ्या वाटायलंय."

आणि सोमेशचा धीर सुटला.

"अव्वा, थांब. हिला कुठं न्यायचं न्हाई. हिच्यात काई खोट न्हाई, माझ्यात हाय. माझ्या अंगात हार्मोन कमी हाय. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं हुतं. मी खोटं बोललो."

अंजूनं वर पाहिलं. नीलाबाईंच्या हातातला करंडा तसाच राहिला. आता अव्वा थोबाडीत देईल, निदान कपाळ तरी बडवून घेईल, म्हणून सोमेश वाट बघत उभा राहिला. कसली खोट, कधीपासून, असं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"डॉक्टरला कसं कळलं रं?" त्या म्हणाल्या. "गालगुंडावरून?"

गालगुंडाचं तर सोमेशनं नावही काढलं नव्हतं. मग नीलाबाई मटकन खाली बसल्या.

"तवाच सांगितलं हुतं डॉक्टरनं. सूज खाली गेलीया, मोठा झाल्यावर पोराला पुन्हा दाखवा म्हणून. मी कुणालाच बोलले न्हाई. गावात बोभाटा होईल, पोरगी कोण देणार? हिला बघून आलो त्या दिशी सांगावं वाटलं हुतं. पर पोरगी लई गुणाची. हातची जाईल म्हणून गप बसले."

ओटी भरताना अव्वाचे डोळे का डबडबायचे, ते सोमेशला आत्ता कळलं. इतके दिवस तो एकटाच गुन्हेगार असल्यासारखा या घरात वावरत होता.

एकदा भरलेली ओटी कुणी परत करत नाही. अंजूनं केली. नारळ काढला, खण काढला, पदर सुपावर झटकला आणि तांदळाचं ते सूप सासूच्या पुढ्यात सरकवलं.

"आता ह्यांची भरा, आत्या," ती म्हणाली. "दवाखान्याला आज ह्यांना जायचंय."