अप्पांचा खोकला

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. गळ्यातला हार सांभाळत सांबशिव मठाच्या आतल्या खोलीत आला आणि भिंतीला टेकला. नेसलेली वेष्टी, धोतरच ते, घामानं भिजली होती. बाहेर सत्तावन्न सालच्या वैकुंठ एकादशीला जमलेलं तंजावूर उपाशीपोटी उत्तररंगाची वाट पाहत होतं.

मठाचे कारभारी बाळकृष्णराव मागोमाग आले. सांबशिवाच्या डोक्यावरचं पागोटं घसरत होतं. गेल्या साली वारलेल्या वडिलांचं ते, त्याला मोठंच होतं. बाळकृष्णरावांनी आत चिंधी कोंबून ते नीट बसवलं.

"हुबेहूब बुवा. तुझे अप्पाच. आता आख्यानात आवाज चढव. बुवा गर्जत असत."

आई, शेषम्मा, पाण्याचं फुलपात्र घेऊन दारात उभी होती. तिनं स्वतः पहाटेपासून थेंब घेतला नव्हता.

"सांबा, प्रत्येक अभंगाआधी दोनदा खोकत होतास. बरं नाही का?"

"बरा आहे की. अप्पा खोकत ना, म्हणून."

"अरे, त्यांना दमा होता."

सांबशिव तिच्याकडे बघतच राहिला. मग हसू लागला. हसता हसता खाली बसला. डोळे पुसून म्हणाला, "आई, मला उभं राहून गर्जता येत नाही गं. बसून सांगता येतं. तुला संध्याकाळी गोष्ट सांगतो, तसं."

"नारदाच्या गादीवर बसून?" बाळकृष्णराव म्हणाले. "वहिनी, लोक उठून जातील. मग मला दुसरा बुवा बघावा लागेल. ही तीन पिढ्यांची गादी तुमच्या घरातून जाईल."

शेषम्मानं मुलाच्या डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी उतरवलं, कपाळाला लावलं आणि देवळीत ठेवलं.

"गेली तर गेली, भावजी. पाणी पी, सांबा. आणि जा."

तो बाहेर आला. देवाला नमस्कार करून मांडी घालून बसला. मृदंगवाल्याचा हात थबकला. कुजबुज झाली. मागची एक बाई उठलीसुद्धा.

"गजेंद्र तळ्यावर आला," सांबशिव म्हणाला, घरात बोलावं तसं. "त्याला तहान लागली होती, इतकंच."

मागे काही ऐकू जाईना. उठलेली बाई क्षणभर थांबली, मग चार पावलं पुढे येऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मग सगळी मागची रांगच चटया ओढत पुढे सरकली.

बाळकृष्णराव दाराशी उभे होते. थोड्या वेळानं ते वाकले आणि समोरच्या माणसाच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाले, "जरा सरका हो. इथून ऐकू येत नाही."