दोन तासांत रेगेन्सबुर्ग

"दोन तासांत काय बघून होईल?" काउंटरपलीकडून प्रश्न आला. पर्यटन केंद्रात सत्तावीस वर्षं याचंच उत्तर देऊन रोस्विथाची जीभ झिजली होती. तिने नकाशावर कॅथेड्रलभोवती गोल केला. "आत दहा मिनिटं पुरतात. मग दगडी पुलाजवळ सॉसेज, मोहरीचा गोड सॉस लावून." पेन जरा थबकलं. मग तिने नदीकाठी एक फुली मारली.

"इथे काय आहे?"

"बाकडं. चारला तुझे बाबा कॉफीचा थर्मास घेऊन बसतात. नऊ वर्षं बोलली नाहीस, आजही नको बोलूस. पुलावरून नुसतं बघ."

उल्रिकेने आईकडे न बघता नकाशाची घडी घातली. "आणि त्यांनी वर बघितलं तर?"

"बघू देत. लांबचं दिसत नाही गं त्यांना आता," म्हणत रोस्विथाने रांगेतल्या पुढच्या माणसासाठी नवा नकाशा काढला.