डाव्या दाराखालचा पत्रा

सकाळी साडेसहाला महादेव मेकॅनिक अराद गावात कॅथरीनबाईंच्या जुन्या मस्टँग गाडीवरून, पत्रा तपासायला, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवत होता. डाव्या दाराखालची जागा त्याने टाळली. गाडी विकत घ्यायला आलेल्या मर्विनने मग स्वतःच तिथे चुंबक टेकवलं. ते न चिकटता खाली पडलं.

"आंटी, आत पत्रा नाही, नुसती पुट्टी भरलीय! आपल्याच माणसाला फसवता?"

"फसवीन कशाला, बाबा? तिथला गंज कापून नवा पत्रा घातलाय. आमचे मिस्टर, इलायस, देवाघरी जाईपर्यंत सांगायचे, महादेवचं काम म्हणजे बघायला नको. विचार त्यालाच."



महादेवने चुंबक उचललं, "ताई, तो पत्रा मी तेव्हा घातलाच नव्हता," एवढंच बोलून चावी मागून घेतली आणि पत्रा घालायला गाडी आपल्या गॅरेजकडे नेली.