राणीसरकारांचा रुसवा

स्टार्टर कण्हत फिरत राहिला, पण इंजिन काही पेटेना.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मटार सोलत होती. एप्रनच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला रोटर होता. अंगठ्याएवढा काळा तुकडा. इंजिनातल्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालून तो काढला की ठिणगी एकाही प्लगपर्यंत पोचत नाही आणि गाडी जागची हलत नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

"राणीसरकार आज पुन्हा रुसल्या," हात पुसत नवरा आत आला. "ठिणगीच येत नाहीये."

"म्हातारी झाली ती. राहू दे की आता उभी."

"उद्या मलाही उभं करशील कोपऱ्यात," तो हसत म्हणाला.

तिला हसू आलं नाही.

गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची, कापडी टपाची. लग्नाच्या आधी त्याने ती भंगाराच्या आवारातून दोरीने ओढत आणली होती. दातांचा दवाखाना सांभाळून उरलेला सगळा जीव त्याने तिच्यात ओतला. चालवणं थोडं आणि खोलून बसणं फार. सुरुवातीला टॉर्च धरायचं काम बायकोकडे होतं. लेक मोठी झाली तशी ते तिच्याकडे गेलं. बापलेक एकाच बॉनेटखाली डोकी घालून तासन्‌तास कुजबुजत बसायचे.

मागच्या वर्षी लेक आजारी पडली आणि गेली. नवऱ्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळ्यांचं चहापाणी त्याने बघितलं, दवाखानाही वेळेवर उघडला. तो सगळा कढ आत साचलाय आणि आता स्टेअरिंगवर बाहेर पडतोय, याबद्दल तिची खात्री होती.

कारण एका सकाळी त्याने गाडी फाटकाच्या खांबाला घासली. इतकी वर्षं डोळे मिटून बाहेर काढलेली गाडी. ती घरात पलंगावर पडून होती. पत्रा फाटल्यासारखा आवाज ऐकून अनवाणी खाली धावली आणि त्याच्यावर तोंडाला येईल ते ओरडली. तो ओशाळून नुसता उभा.

मग तो स्वतःच्या घराची गल्ली चुकला. मग किल्ली गाडीतच विसरला. एकदा तर गिअर उलटा टाकून मागच्या कुंडीवर गेला.

"डोळे तपासून घे. डोकंसुद्धा," ती म्हणाली.

"डोकं तपासायला ते आधी असावं लागतं."

त्याने विषय उडवून लावला. पण तिच्या जिवाला घोर लागला. एक माणूस घरातून गेलं होतं. दुसरं जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

ती त्याच्या आधी उठू लागली. तो दवाखान्यात गेला की चष्मा लावून गाडीचं जाडजूड पुस्तक वाचू लागली. ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी सुरूच होऊ द्यायची नाही, एवढं मनाशी ठरवून तिने आधी रोटर काढला. ताकास तूर लागू दिली नाही.

तिला खरा धक्का बसला तो पुढे. ही गाडी शंभरदा खोललेल्या माणसाला झाकणाखाली रोटर नाही हे दिसू नये? तो आत डोकावला, मान हलवली आणि झाकण पुन्हा बसवलं. म्हणजे दुखणं तिला वाटलं होतं त्याहून पुढे गेलं होतं.

काही दिवसांनी त्याने कपाटातला जुना रोटर शोधून बसवला. त्याच दुपारी तिने प्लगच्या वायरींची अदलाबदल केली. संध्याकाळी इंजिन खोकलं, फटकन आवाज करून गप्प झालं.

"आता आपल्याच्याने होत नाही," तो जेवताना म्हणाला. "उद्या पान्याला बोलावलंय."

तिचा घास हातातच राहिला. पान्या त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. परीक्षेलासुद्धा खिशात पाना घेऊन जायचा, म्हणून हे नाव. बॉनेट उघडताच तो सगळं ओळखणार होता. आणि गाडी सुरू झाली की नवरा हमरस्त्यावर जाणार होता, पुढून येणारा ट्रक दिसेल न दिसेल अशा अवस्थेत.

रात्रभर तिने मनात वाक्यं जुळवली. पान्याला एकटं गाठायचं. हात जोडायचे. भावजी, यांचं डोकं ठिकाणावर नाही, ही गाडी नीट करू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान्या आला. तेवढ्यात नवऱ्याला दवाखान्यातून फोन आला आणि तो निघून गेला, असं तिला वाटलं. ती मागच्या दाराने गॅरेजकडे गेली. आतून बोलणं ऐकू आलं तशी भिंतीशीच थबकली.

"वायरी उलटसुलट लावल्यात," पान्या म्हणत होता. "हे आपोआप होत नाही रे. घरातलंच कोणीतरी करतंय. वहिनी?"

"हळू बोल," नवऱ्याचा आवाज आला. "पहिला रोटर गेला तेव्हापासून माहीत आहे मला."

"आणि तू गप्प बसलास?"

"पोरगी गेल्यापासून ही भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. धड जेवण नाही, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी एक दिवस मी मुद्दाम गाडी खांबाला घासली. धावत आली आणि मला शिव्या दिल्या. किती महिन्यांनी आवाज ऐकला तिचा! तेव्हापासून रोज काहीतरी चुकायचं, एवढंच काम राहिलंय मला."

आत पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग आता वायरी सरळ करू की नको?" पान्याने विचारलं.

"कर. फक्त झाकण फार घट्ट बसवू नकोस. तिला उघडता आलं पाहिजे."