न बघता दिलेला पास

धर्मराजच्या गाडीचा डावा, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा निखळून वायरीवर लोंबत होता. पार्किंगमध्ये कोणीतरी उडवला असणार.

लेक हर्षिता दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. शाळेच्या दाराशी, सगळ्या मैत्रिणींसमोर. "I was right there, Baba. You just walked past me."

गेल्या आठवड्यातली ती डोकेदुखी. गोळी घेतली, झोपला, उठला तेव्हा गेली होती.

पडद्यावर केलेबने पक पुन्हा रिकाम्या जागेत सोडला.

धर्मराजने व्हिडिओ मागे नेला. निळ्या जर्सीतला केलेब बर्फावरून सुसाट आला, मान खालीच, आणि ती काळी चकती त्याने पडद्याच्या डाव्या टोकाकडे ढकलून दिली. तिथे त्याचं कोणीच नव्हतं. नुसता पांढरा बर्फ.

याच पोरासाठी धर्मराज दोन वर्षांपूर्वी ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या बैठकीत अडून बसला होता. नागपूरहून आलेला, आयुष्यात कधी स्केट न घातलेला माणूस आइस हॉकीतली पोरं निवडतो, याचं तेव्हा लोकांना हसू यायचं. आता येत नसे. संघाची रीतच होती: ज्याने पोरगा आणला, शेवटचा शब्द त्याचा. आणि बघायचं एकट्याने, म्हणजे दुसऱ्याच्या मताची सावली पडत नाही.

आज संध्याकाळपर्यंत करार झाला नाही, तर केलेब संघातून सुटणार होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुसरा कुठलाही संघ त्याला विचारत नव्हता. कॅनडातल्या गावी बापाची लाकडाची वखार होती, तिथे परत.

फोन वाजला. हर्नडनहून अमित. संघाच्या आकडेवारीचं काम तो तिथून करायचा.

"यार धर्मराज, तू याला नको म्हणतोयस? माझ्याकडे तर हा सगळ्यांच्या वर आहे."

"आकड्यांना डोळे नसतात, अमित. पोरगा हवेत पास देतोय. पहिल्या सत्रात देतो, तिसऱ्यात देतो. दुसऱ्यात मात्र एकदम शहाणा."

"असं कसं? सत्र बदललं की फक्त बाजू बदलते, माणूस थोडाच बदलतो."

"तेच तर. मन ठिकाणावर नाहीये त्याचं."

"थांब, आपण दोघं एकत्र बघू. स्क्रीन शेअर कर."

"रूल इज रूल. आणि उद्या लोक म्हणायला नकोत, स्वतःचं पोर म्हणून झाकलं."

"तू कधी चुकत नाहीस, म्हणून गप्प बसतो," अमित म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

कमलाने जेवायला हाक मारली. रविवार होता. अर्विंगच्या उन्हात अंगण भाजून निघत होतं. तो ताटावर बसला. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळी.

"आज चटणी नाही? लिंबूपण नाही."

पोळी वाढता वाढता कमलाचा हात थांबला. "टोमणे मला नका मारू. सकाळपासून राबतेय मी."

टोमणा नव्हता, पण खुलासा करायची ताकद त्याच्यात नव्हती. तो वरणभात तसाच खाऊ लागला.

"केलेबचं काय केलंत?"

"बघतोय."

"बघायचंय काय त्यात? मागच्या वर्षी इथेच बसून हाताने जेवला. काकू म्हणतो मला."

धर्मराजला आठवलं. ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते, हे ऐकून केलेब खूश झाला होता. मिठाची इथे, भाजीची तिथे. 'म्हणजे न बघताही हात बरोबर जातो,' तो म्हणाला होता. 'आमच्या खेळात तसंच असतं. माझा जोडीदार कुठे असणार, मला माहीत असतं.'

"काकू म्हणतो म्हणून करार देता येत नाही, कमला."

"मग काय म्हणून देतात?"

त्याने शेवटचा घास घेतला. कमलाने ताट उचललं, त्यात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अन्नावर राग काढू नये. तुमचीच आई सांगायची."

धर्मराज चकित झाला. त्याने तर ताट स्वच्छ केलं होतं.

खोलीत जाऊन त्याने तीन सामने पुन्हा पाहिले. मनातून त्याला वाटत होतं, आपणच चुकावं. एकदा तरी त्या रिकाम्या जागेत एखादी निळी जर्सी दिसावी, म्हणून त्याने डोळे चोळले, पडद्याच्या जवळ सरकला. बर्फ रिकामाच होता.

त्याने मॅनेजरला फोन केला.

"नक्की?" मॅनेजरने विचारलं. "तुझाच पोरगा आहे हा."

"म्हणूनच मी सांगतोय. त्याला समोरचं दिसत नाही."

"ठीक आहे. सोडून देऊ."

तासाभराने केलेबचा मेसेज आला. संधी दिल्याबद्दल आभार. उद्या घरी निघतोय. काकूंना सांगा, जेवण विसरणार नाही.

धर्मराजने तो कमलाला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि ओट्याकडे वळून भांडी विसळत राहिली.

दुपारी कमलाने मीठ, लिंबू, जवसाची चटणी आणि कोशिंबीर वाढली होती. रोजच्यासारखी, ताटाच्या डाव्या बाजूला. ते सगळं तिथेच, न शिवलेलं उरलं होतं.